तांदळाची अटेस्टेड कॉपी

फ्रान्सला दोन दिवसांसाठी कोणी जात नाही, हे मला दुबईत, आमच्या अल कुसैसमधल्या निदान चौदा माणसांनी स्वतंत्रपणे सांगितलं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमनही तेच म्हणाला, पण त्याला मी मोजलेलं नाही, कारण तो स्वतः कुठेच जात नाही. दुःखाची गोष्ट अशी की हे सगळे लोक बरोबर होते. मी आयुष्यात ज्या ज्या वेळी लोकांचं ऐकलं नाही, त्या त्या वेळी लोक बरोबर निघालेले आहेत, आणि ऐकलं तेव्हा चूक.

बेत तसा साधा होता. शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटलं की विमान, शनिवार-रविवार बर्गंडी भागातल्या बोन नावाच्या गावी द्राक्षांची तोडणी बघायची, आणि सोमवारी सकाळी मी परत अल क्वोजमधल्या माझ्या टेबलावर, एसीच्या डक्टची लांबी मोजायला हजर. रजा एकही नाही. आमच्या साहेबांसमोर रजा हा शब्द काढला की ते खुर्चीत मागे रेलतात आणि इन्शाल्ला म्हणतात. त्या इन्शाल्लाचा अर्थ कधी ‘नाही’ असतो आणि कधी ‘अजिबात नाही’ असतो, एवढाच फरक मला इतक्या वर्षांत कळलेला आहे.

बोनच का, असं पुष्कळांनी विचारलं. आमची ही, म्हणजे अनुपमा, लग्नाआधी पुण्यात एका शाळेत फ्रेंच शिकवायची. त्या पुस्तकात सातवा धडा होता द्राक्षतोडणीचा. तो तिने सहा वर्षं पुण्यात शिकवला आणि नंतर इथे, आमच्या जेवणाच्या टेबलावर, अल कुसैसमधल्या ट्यूशनच्या पोरांना. तिला पॅरिस नको होतं, तो मनोरा नको होता. तिला सातवा धडा बघायचा होता. साखरपुड्याच्या गप्पांत मी म्हणालो होतो, "फ्रान्स? जाऊ की!" माणूस त्या वयात काहीही बोलतो. त्यानंतर बावीस वर्षांत पुण्याचा फ्लॅट झाला, आईचे दोन्ही गुडघे झाले, आमची मुलगी रिद्धी झाली आणि सतरा वर्षांची झाली, पण फ्रान्स झालं नाही. अनुपमाने एकदाही आठवण करून दिली नाही. ती आठवण करून देत नाही, हेच मला आताशा टोचायला लागलं होतं. या सप्टेंबरात न्यायचंच, असं मी जून महिन्यात ठरवलं आणि तिकिटं काढून टाकली. परत न होणारी.

वाईनचा प्रश्न नाजूक होता. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती मी सांगतो. नऊ वर्षं सांगतोय. मी घेत नाही, म्हणजे मंडळाच्या हद्दीत घेत नाही. आता असा माणूस वाईनच्या गावी चाललाय म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवताना माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघणार. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की आम्ही कृषी पर्यटनाला चाललोय.

"द्राक्षं बघायला फ्रान्स?" समोरच्या फ्लॅटमधले सोमनाथ टिळेकर म्हणाले. "सूर्यकांतराव, नाशिकला माझ्या साडूची बाग आहे. फुकट बघा, वर येताना दोन पेट्या घेऊन या."

टिळेकरांनी अकरा देशांचा युरोप बारा दिवसांत केलेला आहे. त्यामुळे युरोपबद्दल त्यांच्याइतकं अधिकाराने आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी बोलत नाही. फ्रान्समधलं त्यांना मुख्यतः संडासाला पैसे पडतात हे आठवतं. त्यांच्या पत्नी दर्शनावहिनींनी कॅलेंडर काढून आमच्या तारखा बघितल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"भावजी, हा तर पितृपक्ष!"

"हो, पण तिकडे..."

"पितर तिकडे नसतात का?"

माझे वडील जिवंतपणी मुंबई सोडून कुठे गेले नाहीत, पण आता कुठे जात असतील याची मी हमी कशी देणार?

तरीही टिळेकरांनी मोठ्या मनाने माझी व्हिसाची फाइल हातात घेतली. तीन संध्याकाळ ते आमच्या सोफ्यावर बसून कागद लावत होते. बँक स्टेटमेंट पिवळ्या फोल्डरमध्ये, हॉटेल हिरव्या, विमा निळ्या. माझा फॉर्म त्यांनी स्वतः तपासला, माझ्याकडून दोन ठिकाणी सही घेतली आणि म्हणाले, "आता ही फाइल कोणी परत करून दाखवावी." हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं.

व्हिसा सेंटरच्या काउंटरवर यम्ना नावाची मुलगी होती. पाकिस्तानी असावी, फार अदबीने बोलत होती. तिने पिवळा फोल्डर बघितला, हिरवा बघितला, निळा बघितला. मग आमचं लग्नाचं सर्टिफिकेट वर काढलं, अनुपमाचा पासपोर्ट शेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवलं.

"सर," ती म्हणाली, "आप की शादी तो मैथिली से हुई है. ये अनुपमा कौन हैं?"

मागच्या रांगेतले चार लोक एक पाऊल पुढे सरकले. अनुपमा माझ्या शेजारीच उभी होती आणि समोरच्या काचेकडे बघत होती.

मी यम्नाला समजावून सांगितलं. आमच्याकडे लग्नात नवऱ्यामुलासमोर तांदळाचं ताट ठेवतात. त्या तांदळात तो सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. मैथिली हे माहेरचं, अनुपमा हे सासरचं. रजिस्ट्रारने माहेरचं लिहिलं, पासपोर्टच्या एजंटने सासरचं. दोघी एकच.

"चावल में?" यम्ना म्हणाली.

"हां, चावल में."

"उस की कोई अटेस्टेड कॉपी है, सर?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर मदत करण्याची खरी इच्छा होती आणि तेच जास्त वाईट होतं. एक अॅफिडेव्हिट पूर्वी होतं. बायकोचा दुबईचा व्हिसा काढताना एजंटने जोडलेलं. पण ते एका बॅगेत होतं, बॅग गाडीच्या डिकीत होती आणि गाडी एप्रिलच्या त्या पावसात आमच्या बेसमेंटमध्ये छपरापर्यंत पाण्यात होती. यम्ना म्हणाली, हरकत नाही, नवीन करून आणा. सोपं काम आहे.

टायपिंग सेंटरमध्ये ते खरंच वीस मिनिटांत झालं. मी कागद घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि अनुपमाला पेन दिलं. ती वाचायला लागली. ती कुठलाही कागद पूर्ण वाचते, ही तिची शिक्षकपणापासूनची खोड आहे.

"'हे नाव मी स्वखुशीने धारण केले आहे.' हे कोणी लिहिलं?"

"फॉरमॅट आहे गं. सगळ्यांचं तेच असतं."

"स्वखुशीने?"

"नुसता शब्द आहे. कर सही."

तिने पेनाला टोपण लावलं. "अहो, ते ताट माझ्यापुढे सरकवलं तेव्हा तुमचं अ काढून झालं होतं. मला वाटलं अमृता असेल. मग वाटलं अरुंधती. शेवटचं अक्षर येईपर्यंत माझं नाव काय आहे ते मला माहीत नव्हतं. कार्यालयातल्या तीनशे लोकांबरोबर मला कळलं. आणि फोटोग्राफर म्हणाला, वहिनी, हसा."

मी म्हणालो, तेव्हा तू काही बोलली नाहीस. हे चूक होतं, मला बोलतानाच कळलं.

"अनुपमाच का?" तिने विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता हे सांगायला मला लाज वाटते. माझ्या थोरल्या वहिनीचं नाव मैथिली. एका घरात दोन मैथिली झाल्या तर फोन आल्यावर कोणाचा ते कळणार नाही, असं घरात ठरलं. अनुपमा हे माझ्या मावशीने सुचवलं, कारण ते दारावरच्या पाटीवर चांगलं दिसेल असं तिला वाटलं. ही सगळी चर्चा चहाच्या एका कपात संपली होती.

"वहिनींचं बदलायचं की माझं, असा काही विचार?"

"त्या आधी आल्या होत्या."

"अच्छा. आणि एजंटच्या त्या कागदावर सही? मी तर कधी केलेली आठवत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी सांगितलं की सही आईने केली होती, अनुपमा तेव्हा माहेरी होती आणि एजंट दारात उभा होता.

"बाबा, दॅट्स लिटरली फोर्जरी," रिद्धी तिच्या खोलीतून म्हणाली. तिचं दार बंद होतं.

अनुपमा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाला समजावता येतं. ती उठली, कपाटातून एक जुनी फाइल काढून आणली आणि त्यातलं एक सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं. फ्रेंचच्या परीक्षेत ती पहिली आली होती, त्याचं.

"हे मैथिलीचं आहे," ती म्हणाली. "अनुपमा कुठल्याच परीक्षेला बसलेली नाही. मी सही करणार नाही, खोटं आहे ते. मी पासपोर्टवर माझं नाव परत घेते. आडनाव राहू दे तुमचं, ते लिहायची सवय झालीये."

एका वीकेंडच्या सहलीसाठी कोणी नाव बदलतं का? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही एका फोनसाठी बदललंत."

पासपोर्टवरचं नाव बदलायला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. एक भारतात, एक इथे. इथली जाहिरात कोण वाचतं, असं मी समजत होतो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती सकाळी सात वाजता आली, अर्धी कापलेली. त्यात फक्त "सूर्यकांत खेडेकर यांची पत्नी मैथिली" एवढंच दिसत होतं. सव्वासात वाजता टिळेकर दारात उभे. पायजम्यावरच.

"सूर्यकांतराव," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माणसाकडून होतं. मी काही विचारणार नाही. फक्त एवढंच सांगा, अनुपमावहिनींची काही सोय केलीत का?"

त्यांच्या मागे दर्शनावहिनी खिचडीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. ती खिचडी नेमकी कोणासाठी होती, मला की अनुपमाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दार अनुपमानेच उघडलं होतं, ती तिथेच उभी होती, तरी त्या दोघांच्या चेहऱ्यावरची सहानुभूती कमी होईना. पुढचे आठ दिवस मी लिफ्टमध्ये तांदळाची गोष्ट सांगत होतो. जितकी जास्त सांगावी तितकी ती रचलेली वाटायला लागली. गणपतीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "या वर्षी आरतीला तुम्हाला विश्रांती देऊ या." विश्रांती! आरती ही काय हमाली आहे? मी त्या वर्षी मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्यासुद्धा माझ्या तालात नव्हत्या.

तिचा नवा पासपोर्ट ऑगस्टमध्ये आला. मग तिचा इथला व्हिसा बदलला, एमिरेट्स आयडी बदललं. स्पॉन्सर मी, त्यामुळे प्रत्येक कागदावर मीच सही करत होतो. मैथिली नावाच्या एका बाईची मी हमी घेत होतो, जिच्याशी माझी तशी फारशी ओळख नव्हती. ती आमच्या घरात वावरताना गुणगुणत असे. सातवा धडा ती मुलांना पूर्वी बसून शिकवायची, आता उभी राहून शिकवायला लागली. हे सगळं मला दिसत होतं आणि मी त्यावर एक शब्द बोललो नाही. मी तिला अनुपमाच म्हणत राहिलो. टिळेकर एकदा तिला "मैथिलीवहिनी" म्हणाले, तर मला त्यांचा राग आला.

पुन्हा व्हिसा सेंटर, पुन्हा यम्ना. बायकोने आपला फॉर्म नव्याने भरला होता, स्वतः, फ्रेंचमध्ये. यम्नाने नाव वाचलं, पासपोर्ट बघितला, लग्नाचं सर्टिफिकेट बघितलं. सगळं जुळलं.

"और सर, अनुपमा?"

"खलास," मी म्हणालो.

मग तिने माझा फॉर्म घेतला. तो जूनमध्ये भरलेलाच होता, टिळेकरांनी तपासलेला, दोन सह्यांचा. "सर, इस में बीवी का नाम अनुपमा लिखा है. साथ में सफर करनेवाली भी अनुपमा. दोबारा भर लीजिए, दस मिनट का काम है."

दहा मिनिटांचं काम होतं. बाजूला कॉम्प्युटर होता, खुर्ची रिकामी होती. बायको माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती, हे मला आज लिहिताना स्पष्ट दिसतं. आणि मला त्या क्षणी काय झालं कोण जाणे. ती जाहिरात, ती खिचडी, ती आरती, सगळं एकदम आठवलं. माझ्या फॉर्मवर माझ्या बायकोचं नाव काय लिहायचं तेसुद्धा आता या काउंटरवर ठरणार?

"बाईस साल से वही नाम है," मी म्हणालो. "ऐसे ही भेजिए."

यम्नाने एक कागद पुढे केला. आम्ही सांगितलं होतं, अर्जदाराने ऐकलं नाही, असा त्याचा मजकूर होता. मी त्यावर झोकात सही केली.

असं दिसतं की फ्रेंच लोक अर्ज वाचतात. बारा दिवसांनी दोन पाकिटं आली. मैथिली सूर्यकांत खेडेकर यांना व्हिसा मिळाला होता. सूर्यकांत खेडेकर यांना नव्हता, कारण ते ज्या अनुपमा नावाच्या पत्नीबरोबर प्रवास करणार होते, त्या नावाच्या कोणीही अर्ज केलेला नव्हता आणि कागदोपत्री अशी कोणी त्यांची पत्नीही नव्हती. पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता. मी ते पत्र तीनदा वाचलं. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे, तुम्ही नाही तर मी एकटी कशाला जाऊ. मी त्यावर काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. नाही, नाही, तू जा, असं दोनदा म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ऐकायचं.

तिने आपला व्हिसा खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला. मग विचारलं, "अहो, माझी बॅग केबिनमध्ये चालेल ना? दोनच दिवस आहेत."

शुक्रवारी मी तिला एअरपोर्टवर सोडलं. टिळेकर सोबत आले होते, का ते माहीत नाही. परतताना गाडीत ते म्हणाले, "तिकडे संडासाला सुटे पैसे लागतात, सांगितलंत ना?" मी सांगितलं नव्हतं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. आत जाताना ती थांबली होती, मी काही बोलेन म्हणून. मी म्हणालो, "पोचल्यावर मेसेज कर." तिने मान हलवली आणि गेली.

शनिवारी आमच्या घरात जेवणाची वेळ पार कोलमडली होती. चार वाजता मी कुकर लावला होता, तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. रिद्धी शेजारी येऊन बसली. पहिली शिट्टी झाली तशी, बोनपर्यंत आमच्या कुकरचा आवाज जायला नको, म्हणून मी आमच्या बाजूचा आवाज बंद करून टाकला.

"अहो, हे बघा!" तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. मागे वेलींच्या रांगा, कमरेइतक्या उंच, टेकडीवर चढत गेलेल्या. तिने हात पुढे केला, बोटं जांभळी झालेली. "किती बारीक असतात ही द्राक्षं! करवंदांएवढी! मी इतकी वर्षं फळ्यावर केवढी मोठी काढत होते. रिद्धी, बघतेयस ना? मी त्यांना म्हटलं मला कात्री द्या, तर त्यांनी खरंच दिली, आणि मी..."

तेवढ्यात मागून कोणा बाईची हाक आली. "मैथिली!" उच्चार जरा वेगळा, पण नाव तेच.

"वी!" हिने फ्रेंचमध्ये ओ दिली आणि वळली. त्याच क्षणी. फोन हातात आहे हे ती विसरून गेली. आम्हाला माती दिसली, तिचा बूट दिसला, मग आभाळ, मग पुन्हा माती. ती कोणाशी तरी भराभर फ्रेंचमध्ये बोलत होती, आणि हसत होती. ते हसणं मी ओळखत नव्हतो.

मी अनुपमा म्हणून हाक मारली की ती पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाही. दुसऱ्या हाकेला देते. लग्न झाल्यापासून हे असंच आहे. मला वाटायचं तिला कमी ऐकू येतं. तीन वर्षांपूर्वी मी तिला देऱ्यातल्या एका कानाच्या डॉक्टरकडेसुद्धा नेलं होतं. त्याने सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाला, कान उत्तम आहेत. मला ते पटलं नव्हतं. मी त्याला म्हणालो होतो, डॉक्टर, तुम्ही घरी येऊन बघा.

कुकरच्या आता किती शिट्ट्या झाल्या होत्या, मी मोजल्या नाहीत. मी फोन तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "मैथिली."

पलीकडे हसणं चालूच होतं. मी घसा साफ केला आणि पुन्हा हाक मारली, मोठ्याने, नीट.

"बाबा," रिद्धी हळूच म्हणाली, "शी कान्ट हिअर यू. यू आर ऑन म्यूट."